उत्पलाताईंची सात दारं

बहारीनमध्ये, तुबलीला, माझ्या वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला सात लोखंडी दारं टेकून उभी आहेत. सहा धड आहेत. उरलेल्या एकाच्या मधल्या पत्र्याला मोठं भोक आहे आणि त्या भोकाचा आकार कुत्र्यासारखा दिसतो. गिऱ्हाईक आलं की आधी तिकडेच बघतं. मागच्या महिन्यात बुदैयाकडचा एक व्हिलावाला आला होता. कंपाउंडला गेट हवं होतं. माझी नवी गेटं सोडून तो या दारांपाशी रेंगाळला आणि म्हणाला, "ही सहा द्या, बागेत लावतो." मी इथल्या अरबीत म्हणालो, "मफी. नाही. विकायची नाहीत." त्याने भाव विचारला. खरं तर मी विकायच्या नसलेल्या वस्तूचाही भाव सांगणारा माणूस आहे. पण त्या दिवशी उगाच त्याच्यावर ओरडलो आणि तो गाडीत बसून निघून गेला. गिऱ्हाईक हातचं गेलं, त्याचं खापरही मी उत्पलाताई रामटेके यांच्यावरच फोडतो.

ही दारं त्यांनी नाटकासाठी माझ्याकडून करून घेतली. सात करून घेतली आणि वापरलं एक. बाकीची सहा मंचाच्या मागे, मोडक्या खुर्च्या ठेवतात तिथे झोपवून ठेवली. लोक म्हणतात, माने, झालं ते झालं, सोडून द्या. मी सोडत नाही. वेल्डरचा हेल्पर म्हणून या बेटावर उतरलेल्या माणसाने सोडून द्यायची सवय लावून घेतली असती, तर आज त्याच्या नावाची पाटी कुठे लागली नसती.

तर उत्पलाताई. मूळच्या भंडारा जिल्ह्यातल्या. मनामातल्या एका इंजिनिअरिंग कन्सल्टन्सीत ड्राफ्टिंगचं काम करायच्या. बुटक्या, अंगाने भरलेल्या, जाड भिंगांचा चष्मा. सुती पंजाबी ड्रेस आणि पायात साइटवरचे सेफ्टी शूज. मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनालाही तेच शूज. कोणी हसलं तर म्हणायच्या, "पाय एकच जोडी आहेत, जोडे दोन कायले?" फोन कोणाचाही असो, पहिला शब्द "जय भीम." त्यांचा बहारीनी मॅनेजरसुद्धा इतका सरावला होता की तोही "जय भीम, उत्पला" म्हणूनच ड्रॉइंग मागायचा. घरात त्या आणि मुलगी संघमित्रा, दोघीच. मुलीला मित्रा म्हणायचं. नवरा भंडाऱ्याला. त्याच्याविषयी कोणी विचारलं तर त्यांचं ठरलेलं एक वाक्य होतं: "तो मजेत आहे." पुढे काही नाही.

पहिल्यांदा त्या वर्कशॉपवर आल्या त्या एका जिन्याच्या रेलिंगची तक्रार घेऊन. आम्ही लावलेल्या गजांमध्ये अंतर जास्त पडलं होतं आणि सगळं काढून पुन्हा करावं, असं त्यांच्या ऑफिसचं म्हणणं होतं. मी भडकलो. माझा आवाज चढला की शेजारच्या गॅरेजवाले काम थांबवतात, तसे थांबले. बाई शांतपणे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या, पिशवीतून पोचे पडलेला स्टीलचा थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि पिऊ लागल्या. बोलल्या काहीच नाहीत. मी कारणं सांगितली. त्या पीत राहिल्या. मी म्हणालो, ठीक आहे, खालचा अर्धा भाग बदलतो. त्यांनी आणखी चहा ओतला. मी म्हणालो, बरं, पूर्ण बदलतो, पण आठवडा लागेल. त्यांनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं.

"चालते," त्या म्हणाल्या.

जाताना दारात वळून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही भांडता लई चांगलं. पण दोघांचं भांडण एकटेच करता."

त्या दिवसापासून मला ती बाई समजली होती, असं मला वाटत होतं. सौदा करताना गप्प बसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. अरब व्यापारी गप्प बसतात, ते तुम्हाला घाम फुटावा म्हणून. उत्पलाताईंचं गप्प बसणं तसं नव्हतं. त्यांना खरोखरच चहा प्यायचा असायचा.

इनन्ना हे नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. असंच एका ड्रॉइंगच्या कामाला आल्या होत्या. काम झाल्यावर म्हणाल्या, "भाऊ, तुमाले इनन्ना माहीत आहे काय?"

"कोणत्या कंपनीत आहेत त्या?" मी विचारलं.

त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. चष्मा काढला की त्यांना हाताच्या अंतरावरचंही नीट दिसत नसे. समोर मी असताना त्या ड्रिल मशीनकडे बघून हसत होत्या.

त्यांच्या ऑफिसात एक म्हातारा इराकी इंजिनिअर होता. जेवणाच्या सुट्टीत तो आपल्या देशाच्या जुन्या गोष्टी सांगायचा. ही त्यातली. सुमेरी लोकांची देवी इनन्ना. बाबिलोनवाले पुढे तिलाच इश्तार म्हणू लागले. प्रेम तिच्याकडे, शेताचं आणि बाईचं फळणं तिच्याकडे आणि लढाईही तिच्याकडेच. "तिन्ही खाती एकाच बाईकडे होती भाऊ," उत्पलाताई म्हणाल्या, "आणि वर कोणी साहेब नाही." त्याच गोष्टींमध्ये आपल्या या बेटाचंही नाव येतं म्हणे, दिलमून. तिथे रोगराई नाही, म्हातारपण नाही, गोड पाणीच पाणी. "म्हणजे आपण स्वर्गातच राहून राहिलो," त्या म्हणाल्या. "फक्त एसी बिघडलेला आहे."

मला पटली ती दुसरीच गोष्ट. गोड्या पाण्याच्या देवाकडे जगातल्या सगळ्या विद्या, सगळे अधिकार होते. राज्य करण्यापासून सुतारकामापर्यंत सगळं. इनन्ना त्याच्याकडे पाहुणी म्हणून गेली, त्याच्याबरोबर बिअर प्यायला बसली. देव चढत्या नशेत एकेक देत गेला, ही घेत गेली. शुद्धीवर येऊन त्याने माणसं पाठवली तेव्हा हिची होडी भरून आपल्या गावाच्या वाटेला लागली होती. त्याने परोपरीने अडवलं, पण माल काही परत मिळाला नाही.

"बरोबर केलं," मी म्हणालो. "दिलेला माल परत नाही."

"मले वाटलंच तुमाले ते आवडन," त्या म्हणाल्या. "पण मले पुढची गोष्ट करायची आहे. एवढं सगळं मिळाल्यावर ती खाली गेली. मेलेल्यांच्या राज्यात."

"कशाला?"

"तिथं तिची बहीण राणी होती. हिले वाटलं, वरचं आपलं, तर खालचंही आपलंच." त्यांनी चहा ओतला. "खाली जायले सात दारं. प्रत्येक दारावर एक वस्तू काढून ठेवा लागते. मुकुट, माळ, कडं. शेवटी काहीच राहत नाही अंगावर. ती विचारते, हे काहून? दारवान म्हणतो, इथं असंच."

आणि मग त्या गप्प बसल्या. मी विचारलं, "बरं, मग माझ्याकडे काय काम?" त्यांनी चहाचा घोट घेतला. मी म्हणालो, प्लायवूडची दोन दारं देतो, रंग मारून. त्या पीत राहिल्या. पुढचं सांगत नाही. वर्कशॉपमध्ये पडलेले पाइप आणि पत्र्याचे तुकडे यांच्यातून सात लोखंडी दारं, प्रत्येकावर वेगळी नक्षी, असं ठरलं. बदल्यात बुदैयाच्या व्हिलांच्या माझ्या कामाची सगळी ड्रॉइंगं त्या सुट्टीच्या दिवशी करून देणार होत्या. काम वाईट नव्हतं. त्यांनी ती ड्रॉइंगं चोख करून दिली, हेही नोंदवून ठेवतो. मी तक्रार करतो, पण खोटी करत नाही.

मंडळाचं वार्षिक नाटक म्हणजे एक सोफा, दोन दरवाजे आणि बायकोला घाबरणारा नवरा. ते सोडून ही परकी देवी आणायची म्हटल्यावर कमिटीची बैठक बसली. सेक्रेटरी अभ्यंकर. पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बोलायला गोड. मी आणि माझी बायको शैला कोपऱ्यात बसलो होतो, दारं माझी म्हणून.

अभ्यंकर म्हणाले, "ताई, कल्पना उत्तमच आहे. फक्त एक शंका. रागावू नका. तुम्ही लोक देवी वगैरे मानत नाही ना?"



"मानत नाही म्हणून तर नाटकात घेऊन राहिली," उत्पलाताई म्हणाल्या. "मानत असती तर नारळ फोडून घरी बसली असती. आणि अभ्यंकर, 'तुम्ही लोक' म्हणजे मी आणि आणखी कोण? मी तर एकटीच आली."

शैला फिसकन हसली. माझी बायको चारचौघांत कधी हसत नाही, बोलत तर नाहीच. उत्पलाताईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं, "खालची राणी ह्या करतील."

"मला जमणार नाही हो," शैला म्हणाली.

"जमते. राणीले फक्त कण्हायचं असते."

हे खरं होतं. गोष्ट अशी की इनन्ना खाली मरून पडते आणि तिला सोडवायला दोन बारकी माणसं येतात, त्याच गोड्या पाण्याच्या देवाने आपल्या नखातल्या मळापासून केलेली. खालची राणी तेव्हा वेदनेने कण्हत असते. ही दोघं तिच्याशी लढत नाहीत, सौदा करत नाहीत. ती म्हणते, आई गं, माझं पोट. ही म्हणतात, आई गं, तुझं पोट. ती म्हणते, माझी पाठ. ही म्हणतात, तुझी पाठ. राणीला इतकं बरं वाटतं की ती म्हणते, मागा काय हवं ते. ही म्हणतात, ती देवी द्या. मी उत्पलाताईंना स्पष्टच सांगितलं की हा भाग पटत नाही. असं फुकट कोणी काही देत नसतं. त्या म्हणाल्या, "तुमच्यापुढे कोणी कण्हलं नसन अजून."

दोघांच्या जागी त्यांनी एकच माणूस ठेवला आणि ते काम मित्राला दिलं. मित्राला मराठी सगळं कळायचं, पण बोलताना जीभ अडायची. बारावीला होती, इंग्रजी शाळेतली. "आई, प्लीज, एव्हरीवन विल लाफ," असं तिचं सुरू होतं. पण समोरचा म्हणेल तेच परत म्हणायचं म्हटल्यावर तिची अडचणच संपली. तालमीत शैला कण्हायची, मित्रा तिच्यामागून कण्हायची. पहिल्या दिवशी दोघी हसल्या. नंतर हसेनाशा झाल्या. एकदा मी शैलाला घ्यायला गेलो तर ती मित्राला जवळ घेऊन डोळे पुसत बसली होती. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "काही नाही, तालीम चालली आहे."

इनन्नाचं काम करणारी मुलगी अभ्यंकरांच्या ओळखीची होती, दिसायला छान. तिसऱ्या तालमीनंतर तिला कुठलीशी परीक्षा निघाली आणि ती आलीच नाही. उत्पलाताई म्हणाल्या, मी करते. अभ्यंकरांनी त्यांच्याकडे वरपासून सेफ्टी शूजपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "देवीचं?" त्या म्हणाल्या, "लढाईचं खातं पण तिच्याकडेच होतं. शूज चालतात."

शेवटाकडे एक प्रसंग आहे. देवी वर येते, पण तिच्या जागी कोणाला तरी खाली पाठवावं लागतं. सगळे तिच्यासाठी धुळीत बसून रडत असतात. नवरा मात्र भारी कपडे घालून सिंहासनावर बसलेला. ती त्यालाच पाठवते. तालमीत उत्पलाताई तिथे येऊन थांबल्या, नवऱ्याचं काम करणाऱ्या अभ्यंकरांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हं. मजेत आहे." ते वाक्य संहितेत नव्हतं. ते नंतर तसंच राहिलं.

इकडे माझी दारं तयार होत होती. चौथ्या दारावर मी स्वतः पत्रा कापून सिंह केला, कारण सिंह त्या देवीचं जनावर. उत्पलाताईंनी तो जवळून पाहिला, लांबून पाहिला. "कुत्रं झकास जमलं भाऊ," म्हणाल्या. मी हातातला पाना आपटला. "सिंह आहे तो!" "होय काय?" म्हणाल्या आणि पुन्हा जवळ जाऊन त्याच्या आयाळीवरून बोट फिरवलं.

नाटकाला थोडे आठवडे उरले असताना एका दुपारी त्या आल्या. ओहोटी होती, खाडीचा वास वर्कशॉपभर भरला होता. खुर्चीवर बसल्या, थर्मास काढला आणि पहिल्यांदाच मलाही चहा दिला.

"ऑफिस बंद होऊन राहिलं," त्या म्हणाल्या. "इथलं सगळं गुंडाळून दुबईले नेऊन राहिले. मले नाही नेत."

मी विचारलं, व्हिसा कधीपर्यंत आहे. फार दिवस नव्हते. त्यांचा व्हिसा गेला की मित्राचाही जाणार, कारण मुलीचा व्हिसा आईच्याच नावावर. बारावीचं वर्ष मधेच सोडून मुलीला घेऊन जायचं म्हणजे वर्ष वाया. परीक्षेचा नंबर इथल्या शाळेतून, प्रॅक्टिकल इथे.

"वर्कशॉपवर मले घ्या," त्या म्हणाल्या. "तिची परीक्षा होतपर्यंत. ड्रॉइंगं करते, हिशेबाचं पाहते, काही पण करते." मग म्हणाल्या, "मले लई भेव वाटून राहिलं भाऊ."

मी व्यवहाराचं बोललो. वर्कशॉप चालवणारा दुसरं काय बोलणार? म्हणालो, घेतो. पण दोन वर्षं माझ्याकडेच राहायचं, मुलीची परीक्षा झाली म्हणून मधे सोडायचं नाही. ड्रॉइंगं फक्त माझी. पहिल्या वर्षी सुट्टी नाही. साइटवर लागलं तर साइटवर यायचं. माणसाला गरज असते तेव्हाच अटी ठरतात, नंतर कोणी ठरवत नाही. यात गैर काय, ते मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

मला वाटलं आता त्या चहा ओततील आणि गप्प बसतील. त्याची मी तयारीही ठेवली होती. पण त्यांनी थर्मासचं झाकण लावलं.

"बघते," म्हणाल्या आणि गेल्या. "बघते" हा शब्द त्यांच्या तोंडून मी तोपर्यंत ऐकला नव्हता.

घरी येऊन शैलाला सांगितलं. म्हणालो, बाई जवळजवळ तयार आहेत. शैलाने चहा केला, एकच कप, आणि माझ्यासमोर बसून सावकाश पिऊ लागली. मी म्हणालो, अगं, धंदा आहे. ती पीत होती. मी म्हणालो, बरं, दोनाचं एक वर्ष करू. तिने फुंकर घातली. सुट्टीचं काढून टाकलं. साइटचं काढलं. माझ्याशिवाय दुसऱ्याचं काम करायचं नाही, तेही काढलं. एकेक करत माझ्या सगळ्या अटी टेबलावर उतरल्या आणि मी उघडाबोडका बसलो. शेवटी म्हणालो, "मुलीची परीक्षा होईपर्यंत व्हिसा. बाकी काही नाही. झालं समाधान?"

"चालते," शैला म्हणाली. माझी बायको मिरजेची आहे. तिच्या माहेरी सात पिढ्यांत कोणी असं "चालते" म्हटलेलं नाही. बाहेरचं शस्त्र माझ्या घरात आणून ठेवलं, ही उत्पलाताईंविरुद्धची माझी दुसरी तक्रार.

दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं." आभार नाहीत, काही नाही. "सातवं दार झालं काय?" एवढंच विचारलं.

झालं होतं. शेवटच्या तालमीला हॉलमध्ये सातही दारं एका रांगेत उभी केली. काय दिसत होती! पाहायला आलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी फोटो काढून भावाला पाठवले. उत्पलाताई त्या दारांमधून एकदा चालत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या आणि खुर्चीवर बसून राहिल्या. दमल्या असतील असं मला वाटलं.

नाटकाच्या दिवशी अभ्यंकरांनी नारळ फोडला. उत्पलाताई बाजूला उभ्या राहिल्या. नंतर पुढे येऊन प्रसादाचा तुकडा उचलला आणि खाल्ला. "खोबऱ्याशी माझं भांडण नाही," म्हणाल्या. मी तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो. पडदा उघडला आणि मंचाच्या मधोमध एकच दार उभं होतं.

मला वाटलं, बाकीची मागून येतील. आली नाहीत. उत्पलाताई अंगभर दागिने घालून त्या दारापाशी आल्या, मुकुट काढून दिला, दारातून गेल्या, मागून वळसा घालून पुन्हा त्याच दारापाशी आल्या. माळ दिली. पुन्हा वळसा. प्रत्येक वेळी दारवान तेच म्हणायचा, काही तरी काढावं लागेल. त्या विचारायच्या, काहून? तो म्हणायचा, इथं असंच. प्रत्येक वळशाला त्यांची चाल जड होत होती. सहाव्या वेळी शूज काढले. सातव्या वेळी अंगावर पांढरा साधा ड्रेस उरला होता. लोकांना वाटलं आता काय काढणार? त्यांनी चष्मा काढून दिला.

त्यानंतर त्या ज्या चालल्या तो अभिनय नव्हता. त्यांना खरंच काही दिसत नव्हतं. हात पुढे करून दाराची चौकट चाचपत आत गेल्या. पलीकडे राणी म्हणून बसलेल्या शैलाने, जिने नुसत्या नजरेने इनन्नाला मारायचं होतं, आधी उठून उत्पलाताईंचा हात धरला. ते ठरलेलं नव्हतं. पुढे शैला कण्हली आणि मित्रा तिच्यामागून कण्हली, "आई गं, तुझं पोट," तेव्हा माझ्या शेजारचा माणूस रुमाल शोधत होता. मी सहा दारं शोधत होतो.

नाटक संपताच मी मागे गेलो आणि माझ्या नेहमीच्या आवाजात बोललो. शेजारी गॅरेज नव्हतं, म्हणून मंडळाची माणसं थांबली.

"सात लावले की बाई भराभर निघून जाते भाऊ," उत्पलाताई म्हणाल्या. चष्मा अजून हातात होता. "मंच केवढा, दारं केवढी. काल चालून पाहिलं ना मी. लोक दारंच पाहत होते. मले त्यांना बाई दाखवायची होती."

"मग आधी सांगायचं होतं!"

"सांगितलं असतं तर तुम्ही सहा दारांसाठी भांडले असते, आणि सातवं पण नेलं असतं." त्यांनी चष्मा लावला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "ठेवलं ते तुमचंच ठेवलं ना. कुत्र्याचं."

"सिंह आहे तो!"

"माहीत आहे मले," त्या म्हणाल्या.

मित्राची परीक्षा होईपर्यंत त्या माझ्याकडे होत्या. काम नेमकं, वेळेवर. दारांविषयी आम्ही बोललो नाही. मी बोलायचो, त्या चहा प्यायच्या. मुलीला चांगले मार्क पडले, पुण्याला कॉलेज मिळालं, ती पुढे गेली. मग यांची आवराआवर सुरू झाली. या बेटावरून कायमचं जाणाऱ्याचं कसं असतं, ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. आधी गाडी जाते. मग फ्रिज, पलंग. फ्लॅटची किल्ली, बँकेचं खातं, फोनचा नंबर. शेवटी रेसिडेन्सी कार्ड रद्द होतं आणि इतकी वर्षं राहिलेला माणूस पाहुणा होतो. उत्पलाताई एकेक उरकलं की शैलाला सांगायच्या, "तिसरं दार झालं." "पाचवं झालं." थर्मास शैलाला देऊन टाकला.

जाण्याच्या आदल्या दिवशी वर्कशॉपवर आल्या. मागच्या भिंतीपाशी जाऊन चौथ्या दारासमोर उभ्या राहिल्या.

"हा कापून द्या," सिंहाकडे बोट करून म्हणाल्या.

मी म्हणालो, दाराचा सत्यानाश होईल. म्हणालो, विमानात कोण नेऊ देईल. म्हणालो, सहा आधीच वाया गेली, आता सातवंही घालवता. त्या खुर्चीवर बसल्या. थर्मास नव्हता. नुसतेच हात मांडीवर ठेवून बसल्या. मी ग्राइंडर काढला.

ठिणग्या उडत असताना मागून म्हणाल्या, "बाकीचे सहा विकू नका भाऊ. गोष्टीत बाई परत वर येते."

मुहर्रकला विमानतळावर मी आणि शैला सोडायला गेलो. काउंटरवर त्यांची बॅग काट्यावर ठेवली. पलीकडच्या पोराने आकडा पाहिला.

"मॅडम, वजन ज्यादा है. कुछ निकालना पडेगा."

उत्पलाताईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग शैलाकडे, आणि दोघी एकदम हसल्या. पोराला काही कळेना.

"इसमें है क्या इतना?"

"शेर," उत्पलाताई म्हणाल्या.

मग गप्प राहिल्या. मागे रांग वाढत होती. पोरगा म्हणाला, नियम आहे. म्हणाला, दुसऱ्या बॅगेत टाका. म्हणाला, थोडं तरी काढा. त्या रिकामे हात काउंटरवर ठेवून उभ्या होत्या, जणू काही घाई नाही. मला त्या पोराची दया आली. तोही दोघांचं भांडण एकटाच करत होता. शेवटी त्याने बॅगेला चिठ्ठी बांधली आणि पट्ट्यावर ढकलली.

"चालते," त्या म्हणाल्या.

आत जायच्या दारापाशी त्यांनी शैलाला मिठी मारली. मला म्हणाल्या, "येते भाऊ." एवढंच. आभार त्या दिवशीही नाहीत. आत गेल्या, चार पावलं चालल्या आणि थांबल्या. पाठ आमच्याकडे होती. चष्मा काढला, ओढणीने पुसत राहिल्या. पुसता पुसता वळल्या आणि आमच्या शेजारच्या खांबाकडे बघून हात हलवू लागल्या.

"अहो, हात हलवा की," शैला म्हणाली.

"त्यांना दिसत नाहीये."

"म्हणून काय झालं?"

मी हलवला.